देणगीतली पुस्तकं

'जागतिकीकरणाचे देशांवर परिणाम' हा विषय कॉलेजनं नामाकाऊच्या गळ्यात मारला, म्हणून ती झांबियातल्या एन्डोला शहराच्या ग्रंथालयात आली. ग्रंथपाल सिचोनेसाहेबांनी तिच्यापुढे एक जाडजूड पुस्तक आदळलं, जणू तिच्या सात पिढ्यांवर उपकार. आत परदेशातल्या कुठल्याशा शाळेचा 'रद्द' असा शिक्का. नामाकाऊनं मागची सूची उघडली. 'झांबिया : पाहा, आफ्रिका.' आणि आख्ख्या आफ्रिकेला मिळालं होतं दीड पान.

"हे ठेवा तुमच्याकडेच. कापडगिरणी बंद पडली त्या वर्षीची आपली वर्तमानपत्रं काढा."

"नाहीत."

"नाहीत कशी? गिरणीच्या दाराशी धरणं धरलेल्या बायकांचा फोटो आहे त्यांत. पुढच्या रांगेत माझी आई आहे."

"देणगीच्या पुस्तकांचा कंटेनर आला, बाई. ती काय माझ्या डोक्यावर ठेवू? जुने गठ्ठे शेंगदाणेवाल्या बायकांना देऊन टाकले."

"आणि ही रद्दी कपाटात?"

"फुकट आलीय! फुकटच्याला नावं ठेवू नयेत."

"परदेशातले जुने कपडेही असेच आले, गाठोडीच्या गाठोडी, मातीमोल भावात. गिरणीला टाळं लागलं ते त्यांच्यामुळंच. तुमच्या अंगावरचा कोट त्यातलाच ना?"

सिचोनेसाहेबांचा हात नकळत कोटाच्या बटणांकडे गेला. "आवाज खाली! हे ग्रंथालय आहे."

नामाकाऊनं पुस्तक त्यांच्याकडे परत ढकललं.

"गिरणी परक्यांनी बुडवली, साहेब. ती होती याचा पुरावा मात्र तुम्ही पुड्या बांधायला दिलात."