राजाला दमवू नकोस

दादाला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं, आणि मागच्या खोलीतल्या पटावर काळा घोडा हलला होता.

लिफ्ट मेकॅनिकने ते पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, मुंगीचं काम असणार. मुंगी म्हणजे त्याची सहा वर्षांची मुलगी. सतत काही ना काही उचलून घरभर नेत असते, म्हणून हे नाव त्याच्या दादानेच पाडलेलं. दादा गाड्यांना रंग मारायचा. फवाऱ्याचा रंग जन्मभर छातीत भरून घेतला आणि शेवटी छातीनेच हात वर केले. आजारपणात तो इथेच, मागच्या खोलीत राहिला. एक खाट, ऑक्सिजनचं सिलिंडर, खिडकीशी छोटं टेबल, दोन खुर्च्या आणि बुद्धिबळाचा पट. मुंगी शाळेतून आली की दप्तर टाकून थेट त्याच्याकडे. घोडा अडीच घरं कशी उडी मारतो, उंट तिरपा कसा पळतो, सगळं त्यानेच शिकवलं. फक्त मात कशी द्यायची ते राहिलं. "ते पुढच्या आठवड्यात हं," म्हणत म्हणत तो गेला.

सिलिंडर परत गेलं. खाट उभी करून भिंतीला लावली. पट मात्र कुणी उचलला नाही.

मेकॅनिकची पाळी सकाळची असायची, त्यामुळे मुंगीला शाळेतून तोच आणायचा. बायको कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला, ती संध्याकाळी यायची. दुपारभर घरात दोघंच. जेवण झालं की मुंगी मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची आणि बोलत बसायची. मुलं बोलतातच एकटी, म्हणून त्याने लक्ष दिलं नव्हतं.

घोडा हललेला पाहिल्यावर मात्र तो एका दुपारी दाराबाहेर उभा राहिला. मुंगी बोलत होती, मध्येच थांबत होती. पण पोरं खेळताना थांबतात तशी नाही. समोरच्याचं बोलून होईपर्यंत माणूस थांबतं, तशी. आणि त्या थांबण्यात त्याला ऐकू आलं. आधी बारीक शिट्टी, मग अडकत सुटणारा श्वास.

कानावर तर त्याचं पोट चालायचं. कुठल्या मजल्यावरचं दार घासतंय, कुठली कप्पी कोरडी पडलीय, हे तो खाली उभा राहून सांगायचा. हा आवाज कुणाचा ते त्याला कुणी सांगायला नको होतं.

त्याने दार उघडलं. मुंगी एकटीच होती. समोरची खुर्ची टेबलापासून मागे ओढलेली, माणूस आरामात बसेल इतकी.

"काय रे बाबा?" मुंगी म्हणाली. "आमचा डाव चाललाय."

खरं तर त्याची भीतीने गाळण उडायला हवी होती. पण त्याला आनंदच झाला. दादा इथेच होता.

त्या संध्याकाळी बायको बूट काढत होती, तेव्हाच त्याने तिला सांगितलं. ती दचकली नाही.

"माहितीये मला," ती म्हणाली. "मी ती खुर्ची आत सरकवते, दुसऱ्या दिवशी परत बाहेर. मी भाऊजींशी बोलूनही पाहिलं. मला नाही उत्तर देत."

"मग मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू तिथून हललाच नसतास." तिने दुसरा बूट काढला. "त्यांना तिथे बरं वाटत नाहीये. तुला ऐकू येत नाही का?"

त्याने विषय बदलला.

पुढे एका दुपारी मुंगी ताटावरून न उठता त्याच्याकडे बघत राहिली. "बाबा, मला मात शिकव ना. काका म्हणाले, बाबाला येते."

"कशाला हवीय तुला?"

"काका दमलेत. मी जिंकले की ते जाणार. आता त्यांनी बाकीचं सगळं उचलून ठेवलंय. त्यांचा नुसता राजा आहे. माझा राजा आणि माझे दोन हत्ती. तरी मला येतच नाही. मग परत मांडायला लागतं."

मेकॅनिकचा घास तोंडातच राहिला. दोन हत्ती आणि समोर एकटा राजा. याहून सोपी मात नसते. लहानपणी दादाने त्याला पहिली मात हीच शिकवली होती, आणि ती जमली तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन गल्लीभर मिरवलं होतं.

"शिकवतो," तो म्हणाला. आणि त्याने चुकीचं शिकवलं.

"एक हत्ती कोपऱ्यात जपून ठेवायचा. त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याने शह द्यायचा. राजा हलला की परत शह. देत राहायचं. शेवटी राजा दमतो आणि मात होते."

एका हत्तीने जन्मभर शह दिला तरी मात होत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मुंगीला नव्हतं. तिने मान डोलावली, तोंड पुसलं आणि पळाली.

मग रोज दुपारी आतून तिचा बारीक आवाज यायचा. "शह." जरा वेळाने, "शह." मेकॅनिक बाहेर भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायचा. भिंतीपलीकडे दादा होता. एवढं त्याला पुरत होतं. कामावरून येताना तो झपझप चालू लागला. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं तर घाई आहे म्हणून सटकू लागला. घरी कुणीतरी वाट पाहत असल्यासारखा त्याचा चेहरा उजळला होता, आणि बायको त्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होती.

पण आतला श्वास बिघडत चालला. शिट्टी उंच झाली. दोन श्वासांमधली जागा लांबली. शेवटच्या आठवड्यात असाच आवाज होता. तेव्हा दादा तोंडावरचा मास्क हाताने बाजूला सारायचा आणि हा तो परत लावायचा. दादा सारायचा, हा लावायचा. "अजून थोडं, दादा." आताही तो डोळे मिटून मनात तेच म्हणत होता.

एक दिवस दार धाडकन उघडलं. मुंगी रडत बाहेर आली.

"मला नाही खेळायचं! काका म्हणतात, असं दमवू नकोस गं. त्यांना धाप लागलीय, बाबा. सारखं पळवलं मी त्यांना. ओठ निळे झालेत. तू म्हणालास दमल्यावर मात होते. मग का नाही होत?"

त्याने तिला जवळ घेतलं. ती हुंदके देत होती आणि तिचं छोटंसं शरीर प्रत्येक हुंदक्याबरोबर उडत होतं.

"मी चुकीचं शिकवलं," तो म्हणाला. "चल, नीट दाखवतो."

स्वयंपाकघराच्या फरशीवर, चौकोनी लाद्यांवर त्याने दोन पेले ठेवले. मधोमध मिठाची बाटली.

"ही बाटली राजा. हा पेला एक हत्ती. हा काय करतो? ही पूर्ण ओळ बंद करतो. लिफ्टचं दार लागलं की कसं? राजाला या बाजूला येता येणार नाही."

"आणि दुसरा?"

"दुसरा शह देतो. आता राजा कुठे जाईल?"

मुंगीने नाक पुसलं. "मागे."

"मागे. मग ज्याने शह दिला, त्याचंच झालं दार. आता पहिला हत्ती पुढे येऊन शह देईल. दोघांनी आळीपाळीने. एक धरतो, एक ढकलतो."

"राजा हत्तीच्या अगदी जवळ आला तर? खाईल ना त्याला."

"मग हत्तीला त्याच ओळीत लांब पळव, पार दुसऱ्या टोकाला. पण ओळ सोडायची नाही."

तिने पेले सरकवून पाहिले. एकदा चुकली, पुन्हा मांडलं. बाटली भिंतीच्या कडेला जाऊन पोचली. शह होता, आणि जायला लादी उरली नव्हती.

"आता राजाला मारायचं?"

"नाही. राजाला कुणी मारत नाही. डाव तिथेच थांबतो."

"दुखतं त्याला?"

"नाही गं," तो म्हणाला.

ती उठली. "तूही चल."

तो दारापर्यंत गेला. आत पाऊल टाकायला धजावला नाही. खोलीत दुपारचं स्वच्छ ऊन होतं. मुंगी खुर्चीवर गुडघ्यांवर बसली आणि तिने हत्ती सरकवला. मेकॅनिकच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने ते पुसलं, आणि डोळे उघडले तेव्हा काळा राजा एक ओळ मागे होता. तिने दुसरा हत्ती उचलला. राजा आणखी मागे. श्वास ऐकू येत होता, ओला, कष्टाचा. ती घाई करत नव्हती. जीभ दातांत धरून, बोटांनी घरं मोजत, ती एकेक ओळ बंद करत गेली.

"शह," ती म्हणाली. मग मागे वळून, "बाबा, ही मात आहे ना?"

त्याने दारातूनच एकेक घर तपासलं. लिफ्ट दुरुस्त झाल्यावर माणसं आत सोडण्याआधी तपासायचा, त्याहूनही बारकाईने. एखादं मोकळं सापडावं म्हणून त्याचा जीव तुटत होता. एकही नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "मात आहे. चांगली दिलीस."

खोलीत एक श्वास घेतला गेला. लांब, भरपूर, शिट्टीशिवायचा. मुंगीने मान वर केली, समोरचा माणूस उभा राहिला की करतात तशी. मग तिची नजर हळूहळू दाराकडे वळली.

मेकॅनिक दारातच उभा होता. तो बाजूला झाला.

संध्याकाळी बायको आली. पिशवी ठेवून ती मागच्या खोलीत डोकावली आणि तशीच परतली. इतके दिवस एवढ्या धीराने वागलेली ती बाई ओट्याला टेकून रडली. तो तिच्याजवळ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मुंगीने पूर्ण पट मांडला आणि हाक मारली, "बाबा, आता तू समोर बस." तो म्हणाला, उद्या. असे बरेच उद्या गेले. शेवटी ती चिडली, तेव्हा तो जाऊन त्या खुर्चीत बसला. पाठीला लाकूड लागलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तो कान देऊन बसला, खूप वेळ.

"बाबा," मुंगी म्हणाली, "तुझी खेळी आहे."