हालाबोस्टचा एकुलता फेरखर

हालाबोस्ट गावात अकरा डोनाल्ड होते, नऊ मर्डो आणि सात जॉन. नुसती "मर्डो" अशी हाक मारली की निम्मा रस्ता वळून बघायचा. म्हणून प्रत्येकाच्या नावामागे बापाचं, आज्याचं नाहीतर नाकाचं शेपूट लावलेलं असायचं. फेरखर मात्र एकच होता. अख्ख्या लुईस बेटावर दुसरा सापडला नसता. शहरातल्या जन्मनोंदणीच्या बाईंनी त्याला एकदा सांगितलं होतं, की वीस वर्षांत हे नाव लिहायची वेळच आली नाही. आणि गंमत अशी, की ज्या एका माणसाला टोपणनावाची गरज नव्हती त्यालाच गावाने ते चिकटवलं. एक्केचाळीस वर्षं त्याने टपाल वाटलं, म्हणून तो झाला पोस्ट. बरोबरीच्यांचा पोस्ट, धाकट्यांचे पोस्टकाका. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी पोस्टच.

फेरखर म्हणजे फार लाडका. आईनेच सांगितलं होतं. सहा मुलांत दोन्हीकडच्या आजीआजोबांची, काकामामांची नावं वाटून संपली, तेव्हा सातव्यासाठी तिने कुठल्याशा जुन्या पणज्याचं हे नाव उकरून काढलं. ती होती तोवर रोज संध्याकाळी दारातून "फेरखर!" अशी हाक यायची, आणि हा माळाच्या कुठल्याही टोकाला असला तरी "आलो!" म्हणून ओरडायचा. तिला जाऊन बेचाळीस वर्षं झाली. त्यानंतर ते नाव कुणी मोठ्याने घेतलंच नाही. लग्न राहून गेलं. "कुणाचा रे लाडका?" असं शाळेतली पोरं विचारायची तेव्हा तो त्यांच्या अंगावर धावून जायचा. आता कधीकधी रिकाम्या घरात तो स्वतःलाच ते विचारी आणि उत्तर न देता चहा ठेवी.

मे महिन्यात एका सकाळी शोनाक आली. शोनाक गावची नर्स, पाच महिन्यांची गरोदर, आणि तोंडाने भलती तिखट. महिन्यापूर्वी छातीत दुखलं म्हणून फेरखरला शहरातल्या इस्पितळात तीन दिवस काढावे लागले होते, तेव्हापासून ती दर आठवड्याला त्याचा रक्तदाब बघायला यायची.

"दाब बरा आहे. मीठ कमी केलंत का?"

"खारवलेल्या हेरिंगमधलं मीठ काढलं तर उरतं काय? काटे."

शोनाक हसली नाही. तिने यंत्र पिशवीत भरलं, कप उगाचच फिरवला आणि म्हणाली, "पोस्टकाका, एक मागू?"

"माग की."

"मुलगा झाला तर तुमचं नाव त्याला द्याल?"

फेरखरचा हात किटलीवर तसाच राहिला. हालाबोस्टमध्ये नाव घराण्याचं असतं; परक्या घराला हवं असेल तर रीतसर मागून घ्यावं लागतं. आणि मागायला जायचं ते अंथरूण धरलेल्या माणसाकडे. माणूस जाणार, निदान नाव तरी गावात राहावं, म्हणून. चालत्याबोलत्या माणसाकडे नाव मागितलेलं त्याने सत्याहत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं. ही तर नर्स. हिच्याकडे सगळ्यांचे कागद येतात, आणि कुणाच्या कागदात काय आहे ते ती नवऱ्यालाही सांगत नाही. बिचारीने सांगता येत नाही ते असं सांगितलं, असं त्याला वाटलं.

"घे," तो म्हणाला. "जवळपास नवं कोरंच आहे. फारसं वापरलेलं नाही."

शोनाकचे डोळे भरून आले. त्यामुळे तर त्याची खात्रीच पटली.

"बारसं होईपर्यंत कुणाजवळ बोलू नका हं," ती दारातून म्हणाली. "आधी उच्चारलेलं बरं नसतं."

ती गेल्यावर त्याने घड्याळामागचं पाकीट बाहेर काढलं. इस्पितळाचं पत्र. दहा दिवस झाले होते येऊन. एक्केचाळीस वर्षं पत्रं हाताळलेल्या माणसाला पाकिटाच्या वजनावरून आतली बातमी कळते, निदान त्याचा तसा समज होता. जाड पांढरं म्हणजे लग्न. पातळ तपकिरी म्हणजे वाईट. हे पातळ होतं आणि तपकिरी होतं. त्याने ते न फोडता परत घड्याळामागे सारलं.

मरणाची त्याला तशी भीती वाटली नाही. वाटली ती घाई. मूल सप्टेंबरात होणार, बारसं ऑक्टोबरात. तेवढं एकदा ते नाव कुणाच्या तरी तोंडून मोठ्याने ऐकायचं होतं. तिथवर पोचलो की झालं, बाकी सगळं आवरून ठेवू, असं त्याने ठरवलं.

मेंढ्या त्याने पुतण्याकडे लावून दिल्या. मेग नावाची कुत्री घेऊन शेजारच्या टॉरमोडकडे गेला.

"ठेव हिला."

"किती दिवस?"

"ठेव म्हटलं ना."

"अरे, पण चाललास कुठे? ऑस्ट्रेलियाला?"

"तिथेच समज," फेरखर म्हणाला आणि मागे न बघता निघाला. मेग कुंपणापाशी दुपारभर रडत होती. तोही घरात बसून रडला, पण हे कुणाला कळलं नाही.

काहीतरी बिनसलंय हे गावाला कळलं ते पीटमुळे. मे-जूनमध्ये सगळं गाव दलदलीत उतरतं, फावड्याने पीटच्या काळ्या ओल्या विटा कापतं आणि माळावर वाळत घालतं. तेवढ्या जळणावर पुढचा हिवाळा निघतो. कुणाचा पट्टा कापला, कुणाचा राहिला, हे रस्त्यावरून जाणाऱ्या पोरासोरांनाही दिसतं. जून सरत आला तरी पोस्टच्या पट्ट्यावर गवत तसंच उभं. आळशी माणूस असता तर गाव हसलं असतं. पोस्टच्या बाबतीत गाव गप्प झालं, आणि टॉरमोडने ही गोष्ट नर्सच्या कानावर घातली.

दुसऱ्या दिवशी फेरखरने खिडकीतून पाहिलं तर सात महिन्यांचं पोट घेऊन शोनाक त्याच्या पट्ट्यावर उभी! हातात त्याचंच फावडं. तो धापा टाकत तिथे पोचला.

"अगं ए, वेड लागलंय का? ठेव ते खाली!"

"का ठेवू? हिवाळ्यात काय जाळणार आहात? खुर्ची? की माझ्याकडची तुमची फाईल?"

"हिवाळ्याशी माझा काय संबंध!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. नाव मागायला तूच आली होतीस."

 शोनाक हळूच फावड्यावर रेलली. "पोस्टकाका, इस्पितळाचं पत्र आलं होतं ना?"

"घड्याळामागे आहे."

"फोडलं नाहीत?"

"वजनावरून कळतं मला."

"वजनावरून!" ती अशी किंचाळली की शेजारच्या पट्ट्यावरची माणसं कंबर सरळ करून बघू लागली. "अहो, एकच कागद आहे आत, म्हणून पातळ! तुमचं हृदय ठणठणीत आहे, असं लिहिलंय. मीठ कमी करा, असं लिहिलंय. दुखत होतं ते पित्तामुळे. आणि तुम्ही कुत्री देऊन टाकलीत? जन्मभर लोकांना पत्रं वाटलीत, आणि स्वतःचं एक फोडवेना?"

फेरखर पीटच्या कडेवर मटकन बसला.  जगणार आहोत हे कळल्यावर माणसाने हसावं, पण त्याला आधी लाज वाटली आणि मग रागच आला.

"मग माझं नाव कशाला मागितलंस? तुझ्या घरात पुरुष नाहीत? बापाचं नाव होतं, सासऱ्याचं होतं."

शोनाक त्याच्या शेजारी, सांभाळून, बसली.

"आमचं घर कुठे होतं, आठवतं?"

"दलदलीपलीकडे. शेवटचं."

"बाबा बोटीवर. मी सात वर्षांची होते त्या वर्षी आख्खा हिवाळा त्यांचं पत्र आलं नाही. मी रोज दारात. पत्र नसेल तर पोस्टमन फाट्यावरूनच मागे फिरतो. तुम्ही फिरला नाहीत. रोज यायचात. रिकामे. टोपी काढून सांगायचात, 'आज नाही, शोनाक.' आई घोंगडी पांघरून पडलेली असायची. दिवसभरात माझ्याशी तेवढं एकच माणूस बोलायचं."

"ते... वाटेतच होतं."

"खोटं बोलू नका. नर्स झाल्यावर त्याच रस्त्याने माझ्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा मोजलं. जाऊन-येऊन चार मैल वाकडी वाट. गारपिटीत." तिने नाक पुसलं. "बाबा परत आले, चांगले होते, पण नाव मला तुमचंच हवं होतं. मरायला टेकलात म्हणून नाही. नावाचा अर्थ मला लहानपणीच शाळेतल्या बाईंनी सांगितला होता, आणि मला वाटलं होतं की अगदी बरोबर ठेवलंय."

  फेरखरने उठून तिच्या हातातलं फावडं घेतलं आणि पहिली वीट कापली. शेजारच्या पट्ट्यांवरची माणसं काही न विचारता आपापली फावडी घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत पट्टा संपला. मेगला टॉरमोडने स्वतःच आणून सोडलं. "ऑस्ट्रेलियाहून लवकर आलास रे," एवढंच तो म्हणाला.

मुलगा झाला. ऑक्टोबरातल्या एका रविवारी चर्च गच्च भरलं होतं. नाव काय आहे हे बापाने पाद्रीबुवांच्या कानात सांगितलं, आणि फेरखर मागच्या बाकावर काळ्या कोटात घाम पुसत बसला. हालाबोस्टच्या चर्चमध्ये कुणी खोकलं तरी चार माना वळतात, इतकी तिथे शिस्त. पाद्रीबुवांनी बाळाच्या कपाळावर पाणी लावलं आणि भरदार आवाजात हाक दिली,

"फेरखर!"

"आलो!"

शब्द तोंडातून गेल्यावरच त्याला कळलं. तो उभाही राहिला होता. अख्खं चर्च वळून बघत होतं. बेचाळीस वर्षांनी दारातून हाक आली होती आणि पायांनी त्याला विचारलं नव्हतं. कान लाल झाले, बसावं म्हटलं तर गुडघे वाकेनात.

 पाद्रीबुवा तरुण होते, पण अडाणी नव्हते. "बसा, फेरखर," ते म्हणाले. "आज धाकट्याची पाळी आहे."

त्या चर्चमध्ये लोक हसले. म्हाताऱ्या बायका रुमालात हसल्या आणि रुमालातच रडल्या. शोनाक तर उघडच रडत होती.

बाहेर वारा सुटला होता. टॉरमोड कॉलर वर करून त्याची वाट बघत थांबला होता. आता गावात दोन झाले, म्हणजे ओळखायला शेपूट हवंच, आणि टॉरमोडने ते वाटेतच जोडून टाकलं.

"चल, मोठ्या फेरखर," तो म्हणाला. "घरी जाऊन विस्तव पेटव. मेग गारठली असेल."

"आलो," फेरखर म्हणाला.