तर्री गेली त्या दिवशी

दोन हजार बावीस सालच्या माघात तर्री गेली. पोह्यांवर ओततात त्या तर्रीसारखा तिचा तांबूस रंग, म्हणून कौशल्याबाईंचे यजमान देवराव यांनी पिल्लाचं ते नाव ठेवलं होतं. पुढे देवराव वारले, मुलगा अश्विन नोकरीपायी बंगळुरूला गेला आणि नागपूरच्या इतवारीतल्या दोन खोल्यांत बाईंना बोलायला मांजर तेवढं उरलं. बाई बोलायच्या आणि ती कान हलवायची.

त्या सकाळी ती गव्हाच्या कोठीवर निपचित पडलेली सापडली. बाईंनी तिला देवरावांच्या जुन्या धोतरात गुंडाळलं, गल्लीच्या टोकाला बंद पडलेल्या धर्मशाळेच्या आवारात नेलं आणि स्वतःच खुरप्यानं खड्डा केला. जमीन कडक होती. घरी येऊन अंघोळ केली आणि गॅसकडे पाठ करून बसल्या.

मयत झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात आणि उष्टं ताट न धुताच परत नेतात. त्या गल्लीत या पिठल्याला फोडणी देत नसत. पाण्यात कालवलेलं बेसन, मीठ, मिरची, बस. वर्षानुवर्षं ते कौशल्याबाईच पोचवत आल्या होत्या. कुठे रडणं ऐकू आलं की आधी पातेलं चढवायचं, मग डोक्यावर पदर घेऊन निघायचं. आज त्यांच्या घरातलं कुणी गेलं होतं आणि गल्लीला पत्ता नव्हता. एका तरी माणसानं त्याला मरण म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण दार वाजवून सांगायचं तरी कसं?

दुपारी अश्विनचा फोन आला.

"आई, वय झालं होतं तिचं. मी आलो की दुसरं पिल्लू आणू."

"तुहे बाबा गेले तेव्हा म्हटलं होतं का रे, दुसरे आणू?"

अश्विनला हसू आलं. "जेवून घे," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

ऊन कललं तशा शेजारच्या सिंधूताई दारात आल्या. गच्चीवर वाळत घातलेल्या त्यांच्या मुगवड्या तर्रीनं तुडवल्यापासून दोघींचं बोलणं कामापुरतंच होतं.

"कुकरची शिट्टी नाही, काही नाही. बरं नाही का वं?"

"तर्री गेली."

"ते मांजर? अन् त्याच्यापायी तू उपाशी बसून राहिली? लोकं हसतील वं कौसल्ये! माह्या अर्ध्या वड्या नासवल्या होत्या तिनं."

"खाल्ल्या ना पण तुम्ही त्या?"

"मंग काय फेकू?" असं म्हणून सिंधूताई फणकाऱ्यानं निघून गेल्या.

बाई तशाच बसून राहिल्या. उठून भात टाकला असता तर तर्री म्हणजे खरंच नुसतं मांजर ठरलं असतं.

दिवेलागणीला सिंधूताई परत आल्या, हातात झाकलेलं ताट.

"घे. दुपारचं उरलं होतं. मी मांजराचं सुतक-बितक मानत नाही, सांगून ठेवते."

झाकण काढलं तशी वाफ आली. पिठल्यावर मोहरीचा एक दाणा नव्हता, हळदीचा डागही नव्हता. कौशल्याबाईंनी वर पाहिलं. सिंधूताई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या.

"जेव ना. काय पाहून राहिली?"

पहिला घास तोंडात गेला आणि दिवसभर न आलेलं रडू तेव्हा आलं. ताट रिकामं होईपर्यंत सिंधूताई बसल्या आणि ते न धुताच घेऊन गेल्या.

पुढच्या वर्षी गुडघ्यांनी जिना सोडायला लावला, तेव्हा सिंधूताई नागपुरातच जरीपटक्याला मुलीकडे राहायला गेल्या. त्यांच्या खोल्यांत आता एका भांडेवाल्याचं गोदाम आहे. अश्विननं बंगळुरूत घर घेतलं. त्यात आईची म्हणून एक खोली ठेवली आहे. आई अजून तिकडे गेलेली नाही. तिनं दुसरं मांजरही आणलं नाही. दिवसभर पलीकडे हमालांची आरडाओरड असते. गोदामाला कुलूप लागलं की सगळं चूप होतं. मग कौशल्याबाई जरीपटक्याला फोन लावतात. कधी सिंधूताई उचलतात, कधी मुलगी उचलते आणि सांगते, आई झोपली.