झोपाळू सोनबा

आमच्या पासली गावात मला झोपाळू सोनबा म्हणतात. पंधरा वर्षांपूर्वी कापूरहोळजवळच्या एका शेडमध्ये लोखंड कापायच्या लेथवर माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हा घरी येऊन मी सांगितलं की डोळा लागला. माझी बायको रत्ना तेव्हापासून ऐकवते आहे, "झोपला नसता तर आज फोरमन असता." मी हसण्यावारी नेतो. आपलेच दात अन् आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

आमची प्रेरणा भोरला आयटीआयमध्ये टर्नरचं, म्हणजे लेथवरचंच काम शिकली. यंदा एका कंपनीनं भोर-वेल्ह्यातल्या पोरांसाठी शिष्यवृत्ती काढली. पुण्यात दोन वर्षांचं शिक्षण, राहणं-जेवण सगळं त्यांचं. जागा चार आणि पोरं बावन्न, निवडीची परीक्षा लेथवरच. नाही मिळाली तर तिच्या मामानं स्थळ बघून ठेवलेलंच होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी रत्नानं मेंगाई देवीचा काळा दोरा पोरीच्या उजव्या मनगटाला बांधला. सात गाठी मारल्या.

"माजी शपथ हाय, सोडायचा न्हाई."

माझ्या हाताला तिनंच बांधला होता तेव्हाही सात गाठीच होत्या. मी बोलायला तोंड उघडलं आणि चहा पिऊन बंद केलं. परीक्षा घेणारे सर काढायला लावतीलच, मग मला काही सांगावं लागणार नाही, अशी एसटीत मनाची समजूत घालत राहिलो. मी भित्राच आहे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आईबापांना वर्कशॉपच्या दाराशी पिवळ्या रेघेमागं उभं केलं होतं. सर म्हणाले, "घड्याळ, बांगड्या, अंगठ्या, हाताला काही ठेवायचं नाही."

प्रेरणानं घड्याळ काढलं, बांगड्या काढल्या. मग आईकडे बघितलं. रत्नानं मान हलवली, नाही म्हणून. पोरीनं दोरा एप्रनच्या बाहीत सारला. सर दुसऱ्या पोराशी बोलत होते.

काम करताना बाही वर सरकते, हे मला ठाऊक होतं. गरगर फिरणारं लोखंड दोरा ओढून घेतं आणि दोऱ्यामागून हात जातो. ओरडायलाही वेळ मिळत नाही. माझी नसलेली बोटं ठणकायला लागली. बोललो तर लपवलं म्हणून पोरगी बाद होणार आणि रत्नाला सगळं कळणार. प्रेरणाचा हात लेथच्या बटणाकडे गेला.

"थांब!"

मी रेघ ओलांडून पळत गेलो आणि तिचं मनगट धरलं.

"ओ काका, बाहेर व्हा!" सर ओरडले.

"सायेब, हिच्या हाताला दोरा हाय. माजी बोटं दोऱ्यानंच गेली."

सरांनी प्रेरणाला विचारलं, "लपवलास?"

"व्हय सर. आईची शपथ हुती."

रत्ना मागून आली. तिनं आधी माझ्या हाताकडे बघितलं. गाठी सुटेनात, तेव्हा वाकून दोरा दातांनी तोडला.

"चूक माजी हाय, सायेब. पोरीला घालवू नका."

सरांनी यादीत तिचं नाव खाली घेतलं आणि म्हणाले, "हिला शेवटी घेतो."

पाच वाजता तिचा नंबर आला. लेथ फिरत होता तोवर रत्नानं माझा तुटका हात घट्ट धरून ठेवला होता. मशीन थांबलं तेव्हा दोघांनीही आधी पोरीची बोटं मोजली. सरांनी तिनं कापलेला रॉड मोजला आणि म्हणाले, "दहा तारखेला कागदपत्रं घेऊन ये." प्रेरणा नाचायचीच बाकी होती.

परतीच्या एसटीत ती पुढं बसली. रत्ना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमी झोपला नव्हता."

"न्हाई."

"मंग पंधरा वर्सं मला बोलू का दिलंत?"

"खरं कळलं असतं तर तू रडली असतीस."

वेल्हे येईपर्यंत ती रडत होती.