चार बेटं आणि एक दगड

कारलीनचा फोन आला तेव्हा मी मासे साफ करत बसले होते. फोन मान आणि खांद्याच्या मध्ये धरला. "आत्या, मी येतेय," ती म्हणाली, आणि मी सुरी खालीच ठेवली. माझ्या भावाची ही एकुलती एक पोर. ब्रुकलिनला गेली ती गेलीच. कागदपत्रं झाली नव्हती म्हणून बापाच्या मातीलासुद्धा तिला येता आलं नाही. आता कागदपत्रं झाली होती.

"ये गं माझी बाई, ये," मी म्हटलं. "तुझ्या बापाचा दगड अंगणात पडून पडून शेवाळला बघ."

आमच्या कॅरियाकू बेटावर माणूस पुरला म्हणून सुटका होत नाही. त्याच्या नावाचा दगड उभा करायचा, ढोल वाजवायचा, गावजेवण घालायचं आणि गेलेल्यांसाठी एक ताट वेगळं वाढून ठेवायचं. तेव्हा कुठं तो शांत होतो. दगडाला पहिला हात थोरल्या अपत्याचा. ते आलं नाही तर दगड थांबतो. माझ्या भावाचा, झेफ्रिनचा, तसाच थांबला होता, जुन्या शिडाच्या कापडात गुंडाळून. वर त्याचं नाव कोरलेलं, खालचा अर्धा भाग कोरा. तो उलिनावहिनीनं स्वतःसाठी ठेवला होता. "मला वेगळा दगड नको, ह्याच्याच खाली मला घाला," असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"दगडाचं बघू गं आत्या," कारलीन म्हणाली. "मला आठवडाच मिळालाय. मला बेटं फिरायचीत. पेटिट मार्टिनिक, युनियन, मायरो, बेक्वे. तू बेत आखून दे ना. तुला सगळे बोटवाले ओळखतात."

माझं डोकंच फिरलं. "वा गं वा! इतक्या वर्षांनी येणार, आणि पाहुण्यांसारखी टोपी घालून फोटो काढत हिंडणार?"

"टोपी तर घालणारच आहे," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता खोकली.

मग आमची रोज फोनवर जुंपायला लागली. ती चार बेटं सांगायची, मी एकेक कापायची. "मायरोत काय ठेवलंय? एक टेकडी, वर एक चर्च, आणि रस्त्यात आडव्या बसलेल्या शेळ्या. शेळ्या इथंही आहेत. बेक्वे लांब पडतं. आणि युनियन दिसतं इथं समोर, पण देश दुसरा. जाताना इकडं शिक्का, उतरल्यावर तिकडं शिक्का, त्यात अख्खी सकाळ जाते. गिफ्टनची बोट घेतली तर त्याचं इंजिन अर्ध्या वाटेत रुसतं."

"रुसू दे. मी समजूत काढीन त्याची."

"आणि तुझ्या बापाची समजूत कोण काढणार?"

"पप्पा म्हणायचे, दहा वर्षांची हो, मग माझ्या बोटीतून चारही बेटं दाखवतो. मी दहाची झाले आणि त्याच वर्षी वादळात बोट फुटली. आठवतंय ना तुला?"

आठवत होतं. पण मी कसली विरघळतेय! "बापानं फिरवलं नाही म्हणून बापाला ताटकळत ठेवणार का?" असं तोंडावर म्हटलं.

मग बारीक आवाजात ती म्हणाली, "बरं. बेटं राहू देत. दगडच करू."

जिंकले म्हणून मी खूष. ढोलवाल्यांना सांगितलं, बोकड ठरवला, तांदूळ आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी माझ्या पायरीवर येऊन बसली. मांडीवर ओल्या तुरीच्या शेंगा, आणि हात सोलत होते. वर न बघता म्हणाली, "मेरिता, काल झेफ्रिन आला होता स्वप्नात."

आमच्याकडं मेलेला माणूस स्वप्नात बोलला की जिवंत माणसानं वाद घालायचा नसतो. तो मागेल ते करायचं. "काय म्हणाला?"

"म्हणाला, पोरीला आधी बेटं दाखवा. चारही. माझा दगड थांबेल."

"आणि हे आत्ता सुचलं त्याला? बोकड ठरवल्यावर?"

"मी काय सांगू? तुझाच भाऊ."

जिवंत होता तेव्हाही असाच होता मेला, ऐनवेळी बेत बदलणारा. मी चरफडत ढोलवाल्यांना नको म्हणून कळवलं, बोकडाला जीवदान दिलं, आणि गिफ्टनला चार बेटांचं सांगून टाकलं.

कारलीन आली त्या दिवशी हिल्सबरोच्या धक्क्यावर वारा सुटला होता. ती फेरी बोटीतून उतरली ती भली मोठी टोपी घालूनच. माझा टोमणा तयार होता. तिनं मला मिठी मारली, आणि माझ्या हाताला नुसती हाडं लागली. तेवढ्यात वाऱ्यानं टोपी उडवली. डोक्यावर एक केस नव्हता.

वहिनी शांतपणे गेली, टोपी उचलली, झटकली आणि पोरीच्या डोक्यावर नीट बसवली, शाळेला धाडताना बसवायची तशी. तेव्हा मला कळलं, हिला सगळं ठाऊक होतं.

घरी आल्यावर मी वहिनीला चुलीपाशी गाठलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तिनंच नको म्हटलं. म्हणाली, आता सगळेच माझ्याशी हळू हळू बोलतात. आत्या तेवढी ओरडते. तिला ओरडू दे."

मग मी ओरडले. चारही बेटांवर ओरडले. पेटिट मार्टिनिकला ती गार वाऱ्यात उभी राहिली म्हणून, युनियनला जेवली नाही म्हणून. मायरोची टेकडी चढायचा हट्ट धरला तेव्हा तर शेळ्यासुद्धा दचकल्या असतील. गिफ्टननं तिला पाठीवर घेऊन वर नेलं. चर्चमागून खाली पसरलेलं पाणी बघत ती बसून राहिली. "पप्पा खोटं नव्हते बोलत," एवढंच म्हणाली. बेक्वेला पोचलो तेव्हा तिला उठवत नव्हतं. बोटीतूनच तिनं किनारा पाहिला, आणि मी तोंड फिरवून इंजिनाच्या नावानं बोटं मोडत राहिले. रडताना दिसले असते तर तिनं मला कधी माफ केलं नसतं.

निघायच्या सकाळी कारलीन दगडापाशी गेली आणि शिडाचं कापड सोडायला लागली. "आई, आज मी आहे. आत्ताच करूया ना. जेवण नसलं तरी चालेल."

वहिनीनं तिचा हात धरला. "नाही. तो थांबेल म्हणालाय."

"पण आई..."

"दगड राहिलाय म्हणजे तुला परत यावं लागेल," वहिनी म्हणाली आणि कापडाची गाठ पुन्हा आवळून बांधली.

कारलीन परत आली. त्याच फेरी बोटीनं, पेटीतून. बापाच्या शेजारीच तिला ठेवलं.

वर्षानं दगड उभा करायचं ठरलं. कापडावरून का होईना, कारलीनचा हात दगडाला लागला होता, तोच पहिला धरला. त्या सकाळी मी तांदूळ घेऊन गेले तर अंगणात दगड कोरणारा बसलेला, ठोकाठोक चाललेली. झेफ्रिनच्या नावाखाली तो कारलीनचं नाव कोरत होता. कोरी जागा पुरी भरली होती.

"अगं वहिनी, ती तुझी जागा ना!"

"तिलाच लागली आधी," वहिनी म्हणाली. तूर सोलणं चालूच. मग म्हणाली, "मेरिता, मला स्वप्न पडलं नव्हतं. झेफ्रिन माझ्या स्वप्नात कधी आलाच नाही. इतकी वर्षं वाट बघितली, एकदासुद्धा नाही. ते मी रचून सांगितलं. पोरीला बेटं बघायला मिळावी म्हणून. आणि दगड राहिला तर ती येईल म्हणून."

"आली की गं," मी म्हटलं.

"आली."

"मग आता तुझं नाव कुठं घालायचं? दुसरा दगड आणू आपण. मी सांगते त्याला."

"कशाला?" तिनं पहिल्यांदा मान वर केली. "माझ्या दगडाला पहिला हात लावायला आता कोण राहिलंय?"

"मी मेलेय का?" मी खेकसले. "मी लावीन!" पण माझा हात चालायचा नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. रांधून झाल्यावर आतून मी दोन ताटं आणली, एक बापाचं, एक लेकीचं, आणि आम्ही दोघी वाढायला बसलो.