न कळणारा पाय

लांब्याच्या उजव्या पायाला गेले तीन आठवडे काही कळत नव्हतं, आणि ही गोष्ट सबंध जगात एकट्या लांब्यालाच ठाऊक होती.

करंगळीपासून सुरू झालेला बधिरपणा आता घोट्यापर्यंत चढला होता. सकाळी बाथरूमची फरशी डाव्या पायाला गार लागे, उजव्याला काहीच लागत नसे. पाठीतली एखादी शीर दबली असणार, हे कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती. पण परदेशातल्या या करमणूक पार्कात डॉक्टर म्हणजे पार्कचाच डॉक्टर, आणि त्याच्याकडे गेलं की आठवड्याभरात परतीचं विमान. बायको आणि आठ वर्षांची लेक आपला देश सोडून त्याच्याकडे राहायला आल्याला महिनाही झाला नव्हता. लेकीला शाळेत जागा मिळाली होती ती त्याच्या नोकरीच्या कागदावर. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत तो गप्प बसला.

पार्कातल्या उंच पाळण्याखाली गोल चौक होता. तिथे लांब्या आणि त्याचा जोडीदार दिवसातून तीन वेळा फुटबॉलचे खेळ करत. गोल नाही, मैदान नाही. मानेवर, गुडघ्यावर, पायाच्या चवड्यावर चेंडू नाचवायचा आणि आइस्क्रीम चाटत उभ्या असलेल्या लोकांना तोंडाचा आ करायला लावायचा. जोडीदार त्याच्याहून हातभर बुटका होता. लांब्या हे नाव त्यानेच ठेवलं होतं, आणि त्याची परतफेड म्हणून लांब्या त्याला बुटकेराव म्हणायचा.

आता न कळणाऱ्या पायाने चेंडू कसा खेळवायचा? लांब्या कानाने खेळवायला शिकला. चेंडू बुटाच्या लेसवर पडला की भरीव वाजतो, टोकावर पडला की पोकळ. जिवाचा कान करून तो ऐके आणि पाय सावरून घेई. तीन आठवड्यांत बुटकेरावालासुद्धा संशय आला नव्हता.

पण शेवटच्या खेळाला कान उपयोगाचे नव्हते. त्याला ते दोघं फेरा म्हणत. प्रेक्षकांतलं एक मूल स्टुलावर बसवायचं, चेंडू उडवायचा, मुलाच्या डोक्यावरून पाय गोल फिरवायचा आणि उतरता चेंडू त्याच पायावर झेलायचा. बूट केसांच्या चार बोटं वरून जायला हवा. चेंडू वाजतो, पाय हवेत किती उंच आहे ते काही वाजत नाही.

काल बूट मुलाच्या टोपीला लागला. टोपी उडाली, मूल दचकलं. लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग. बुटकेरावाने टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि कधी नव्हत्या एवढ्या टाळ्या पडल्या. मॅनेजरबाई धावत आल्या ते शाबासकी द्यायलाच. उद्यापासून प्रत्येक खेळात टोपी उडालीच पाहिजे, असं सांगून गेल्या. लांब्याने हसून मान डोलावली आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन उलटी केली.

आज दुपारच्या खेळाला त्याने पायाला इलॅस्टिकची पट्टी करकचून बांधली. आपण कशाला भितो आहोत हे त्याला नीट कळत होतं. बुटाला कडक टाच होती, समोर कुणाचं तरी कोवळं कपाळ असणार होतं. मग फेऱ्याची वेळ आली.

सूत्रसंचालन करणारी मुलगी गर्दीत शिरली आणि एका लहान मुलीचा हात धरून आली. आपण मोठी गंमत करतो आहोत, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने आणलेली छोटी लांब्याचीच लेक होती. गर्दीत पुढेच उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने कौतुकाने फोन वर धरला.

लेक स्टुलावर ताठ बसली. बुटकेरावाने तिला लाल टोपी घातली आणि लांब्याकडे पाहून डोळा मिचकावला. संगीत चढलं. लांब्याने चेंडू तीनदा उडवला, चौथ्यांदा खूप उंच. पाय उचलायची वेळ आली आणि त्याने पाय उचलला नाही. चेंडू खाली पडला, उड्या मारत लोकांत गेला. लेक वर बघत तशीच बसून होती. त्याने तिला काखेत धरून उचललं आणि सरळ पडद्यामागे नेलं.

मागोमाग बुटकेराव आला, काय झालं म्हणून विचारू लागला. लांब्या बाकावर बसला होता. लेकीचे डोळे भरले होते. सगळ्यांसमोर आपला पचका झाला, एवढंच तिला कळलं होतं.

"काल त्या मुलाची टोपी उडवलीस," ती म्हणाली. "माझी का नाही उडवली, बाबा?"

"माझ्या पायाला काही कळत नाही गं, सोन्या. तीन आठवडे झाले. तुला लागलं असतं. डोक्याला लागलं असतं."

बुटकेराव मनातल्या मनात मोजू लागला. तीन आठवडे, रोज तीन खेळ. त्यातलं प्रत्येक मूल त्यानेच हाताला धरून स्टुलावर बसवलं होतं.

लेकीने डोळे पुसले. ती आता रडत नव्हती, विचार करत होती, आणि ते बघून लांब्याला मघापेक्षाही जास्त भीती वाटली.

"मग त्या मुलाला लागलं असतं तर?" तिने विचारलं.

लांब्या वाकला आणि उजव्या बुटाची लेस सोडू लागला.