खिडकीबाहेरचा खर्ज

आमच्या क्रॅबट्री घराण्यात जावयाची जमीन किती, तो पितो का, हे सगळं नंतर बघतात. आधी आवाज बघतात. सुनेलाही तोच नियम. माझी बायको बेसूर निघाली, तर आईने तिला लग्नाच्या फोटोत अगदी कडेला उभं केलं. फोटोत तिचा एकच कान आलाय.

आजोबांच्या वेळेपासून आमचं घर येशूची गाणी गातं. टेनेसीच्या डोंगरातलं लाकडी चर्च, आजोबांची गिटार आणि घरचेच चार आवाज. मे महिन्यात होमकमिंग असतं. पोटापाण्यासाठी लांब गेलेले सगळे त्या रविवारी चर्चला परत येतात, आधी गाणी होतात, मग अंगणात जेवण. त्या दिवशीचं शेवटचं गाणं आमचं. हा मान दुसऱ्या कुणाला मिळालेला मी पाहिलेला नाही.

पानगळीत कॉयमामा वारला आणि आमचं घोडं अडलं. कॉयमामा आमचा खर्ज. प्रत्येक ओळीत अर्धी मात्रा उशिरा यायचा, पण आला की बाकांच्या फळ्या थरथरायच्या. उरलो तिघं. नदीन, म्हणजे माझी बहीण, मुख्य चाल म्हणते, आई मधला सूर धरते आणि गिटार वाजवते, मी वरचा सूर आणि मँडोलिन. खाली सगळा खड्डा.

ईस्टर झाल्यावर चर्चचे पाळक, ब्रदर लॉनी, घरी आले. पाय खुर्चीखाली घेतले, पुढे काढले, परत आत घेतले.

"मिस ओझेला, तिघांचं गाणं शेवटी जरा पोकळ वाटेल. यंदा प्रुइट मंडळींना शेवटी ठेवू का?"

"प्रुइट?" आई म्हणाली. "ते कॅसेट लावून गातात, ब्रदर लॉनी. डब्यातलं संगीत. मी मेल्यावर ठेवा त्यांना शेवटी."

"तसं नाही, पण खर्ज नसेल तर..."

"खर्ज मिळेल," आई म्हणाली. कुठून मिळणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

तो आमच्याच जेवणाच्या टेबलावर मिळाला. नदीन शाळेची बस चालवते. पंचेचाळिशीला आली तरी लग्नाचं नाव काढत नव्हती. त्या आठवड्यात तिने हार्मन टिडवेल नावाचा विधुर घरी आणला. बोअर मारण्याचा धंदा, दारासारखा रुंद माणूस. जेवणाआधीची प्रार्थना पाहुण्याने म्हणायची, म्हणून आम्ही माना खाली घातल्या. हार्मनने देवाचे आभार मानायला सुरुवात केली आणि ताटातले चमचे किणकिणायला लागले.

आईने प्रार्थना चालू असताना डोळे उघडले. हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"तो 'आमेन' परत म्हण," ती म्हणाली.

"आमेन," हार्मन म्हणाला.

"अजून खाली जातोस?"

"जातो, मॅम."

"लग्न कधी करताय?" आईने नदीनला विचारलं. नदीनने तोवर त्याचं आडनावही सांगितलं नव्हतं.

दुधात साखर पडली असं वाटत होतं. पण आडनाव विचारायचं राहिलं तसं हार्मन कुठल्या चर्चला जातो, हेही विचारायचं राहिलं. शनिवारी तालमीला तो आला, हातपाय धुऊन, शर्ट इस्त्री करून. आईने गिटार मांडीवर घेतली. हार्मन उठला, टोपी घेतली आणि बाहेर ओसरीवर जाऊन उभा राहिला.

"त्याला काय झालं?" आई.

नदीन खाली बघत म्हणाली, "आई, तो ओढ्यापलीकडच्या चर्चचा आहे. त्यांच्यात उपासनेला वाद्य चालत नाही. नुसता गळा."

माझ्या आईला ओढ्यापलीकडचे लोक म्हणजे मिठाशिवाय शिजवलेली घेवड्याची भाजी. ती दाराशी गेली.

"हार्मन, तुझ्या घरी गिटार आहे म्हणे."

"आहे ना, मिस ओझेला. शुक्रवारी मित्र येतात, वाजवतो."

"काय वाजवता?"

"असंच. बायको पळून गेली, दारू संपली, ट्रक बंद पडला."

"म्हणजे दारूच्या गाण्याला गिटार चालते आणि येशूच्या गाण्याला चालत नाही?"

"हो, मॅम," हार्मन अगदी नम्रपणे म्हणाला. "दारूच्या गाण्याची देवाने काही अटच घातलेली नाही."

आई आत येऊन परत गिटार मांडीवर घेऊन बसली. हार्मनने मात्र तोड आणली. गिटार वाजत असलेल्या खोलीत तो गाणार नव्हता, पण ओसरीवर उभा राहून मोकळ्या हवेत देवाची स्तुती करायला त्याची हरकत नव्हती. आत कुणी त्याच वेळी काही वाजवत असेल तर तो त्यांचा प्रश्न. सगळ्या तालमी तशाच झाल्या. मध्ये जाळीचं दार.

एक सांगायचं राहिलं. त्या तालमींत आईने गिटार सुरात लावायला माझ्याकडे दिली. लहानपणी त्या गिटारीला नुसतं बोट लावलं म्हणून मी मार खाल्लेला आहे. मला वाटलं, पन्नाशी उलटल्यावर का होईना, आईला माझी लायकी कळली. मी आठवडाभर छाती काढून फिरत होतो.

होमकमिंगला चर्च गच्च भरलं. प्रुइट पुढच्या बाकावर एकसारखे निळे कोट घालून बसले होते, आम्ही कोसळलो तर पटकन उठता यावं म्हणून. हार्मनला आम्ही उत्तरेच्या खिडकीबाहेर उभं केलं. त्या बाजूला आमचं कब्रस्तान आहे, हे तर सगळ्यांना माहीत होतं. पण खिडकीला अगदी लागून कॉयमामाची कबर आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आम्हाला दोन गाणी होती. पहिलं सुरू झालं. हार्मनला बाहेर नीट ऐकू येईना, म्हणून तो आमची ओळ ऐकायचा आणि मग उतरायचा. अर्धी मात्रा उशिरा. कबरीच्या दिशेने तो खर्ज आला आणि बाकांच्या फळ्या थरथरल्या.

मामी तिसऱ्या ओळीत बसली होती. तिच्या हातातला पंखा खाली पडला.

"कॉय आहे," ती मोठ्याने म्हणाली. "मेला तरी उशिराच."

मागे कुणीतरी रडायला लागलं, कुणी हसायला लागलं. धाकटा प्रुइट खिडकीतून डोकावला आणि निळ्या कोटासकट मटकन खाली बसला. ब्रदर लॉनींनी बायबल छातीशी धरलं. मी कसंबसं गाणं शेवटाला नेलं. माझं मँडोलिन एकटंच वाजतंय असं मला वाटत होतं, पण त्या गोंधळात कोण बघतो.

मग आईने हात वर केला. गळ्यातला पट्टा काढला आणि आजोबांची गिटार भिंतीला टेकवून ठेवली.

"हार्मनला आत बोलवा," ती म्हणाली. "घरचा जावई कब्रस्तानात उभा आणि मी आत गाते, हे मला नाही जमायचं. यंदा नुसता गळा. व्हर्लिन, तुझंही ठेव खाली."

अख्खं चर्च 'आमेन' म्हणालं. हार्मन टोपी मुरगाळत आत आला, डोळे पुसत आईशेजारी उभा राहिला. नदीनला सूर लागेपर्यंत वेळ लागला. मग आम्ही चौघं गायलो. आईचा आवाज मी आयुष्यभर गिटारीमागून ऐकला होता. त्या दिवशी तो उघडा ऐकला, थोडा चिरलेला, पण जागचा न हलणारा. वरचा सूर मी दोनदा सोडला. प्रुइटही उभे राहिले.

जेवणाच्या वेळी जो तो आईच्या त्यागाचं कौतुक करत होता. मी गिटार घेऊन तिच्याकडे गेलो. ती अक्रोडाच्या झाडाखाली एकटीच बसली होती. ताटात कोंबडीची तंगडी, कॉर्नब्रेड, केळ्याचं पुडिंग. फक्त पुडिंग संपलेलं.

"पेटीत ठेव तिला," ती म्हणाली. "तुझ्याच घरी ने."

"माझ्या घरी? का?"

ती कॉफीचा पेला उचलत होती, दोन्ही तळव्यांत धरून, थंडीत धरतात तसा. ऊन तर चांगलंच होतं. मी तिची बोटं बघितली. डाव्या हाताची चारही बोटं आत वळून राहिलेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नाताळपासून बसतच नाहीत तारांवर. तालमीला मी नुसती मांडीवर घेऊन बसायचे. तुझं मँडोलिन एवढं कर्कश आहे की तुला कळलंच नाही."

"नदीनला सांगू?"

"खबरदार. तिचा नवरा जन्मभर माझ्या उपकाराखाली राहू दे."

"आणि पुढच्या वर्षी तोच म्हणाला, मिस ओझेला, तुमच्यासाठी गिटार चालवून घेतो, तर?"

"तर सांग, आईला आता ओढ्यापलीकडच्यांचं म्हणणं पटलंय," ती म्हणाली. मग इकडेतिकडे बघून तिने ताट माझ्याकडे सरकवलं. "ही तंगडी जरा सोडवून दे. कुणी बघत नाहीये तोवर."

मी गिटार गवतावर ठेवली आणि हाडापासून मांस सोडवायला बसलो.